इंजेक्शन वेळेवर दिलं होतं

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा लाल विंचू चावलेलं माणूस हातचं गेलं, असं घरचेही धरून चालत. बावस्कर रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसले. घाम कधी फुटतो, उलटी कधी होते, हातपाय कधी गार पडतात, रक्तदाब कधी चढतो, फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला फेस कधी येतो, हे त्यांनी तासातासाने टिपून ठेवलं. त्या निरीक्षणांतून विषाची चाल कळली. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध विंचूदंशावर वापरलं, आणि चाळीस टक्क्यांच्या घरात जाणारे मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले.

त्याला आता चाळीस वर्षं होत आली. प्राझोसिन आजही तितकंच लागू पडतं, कारण विंचू शिकत नाही. महाडच्या खाटेवर कोण वाचलं आणि कशानं वाचलं, याची खबर शेताच्या बांधाखालच्या विंचवापर्यंत पोचायला वाटच नाही.

जंतूंचं तसं नाही. औषधाच्या माऱ्यातून जो जंतू जगतो, पुढचा सगळा वंश त्याचाच होतो. विंचवाच्या विषासारखंच तासातासाने पाहावं असं हे प्रकरण आहे, म्हणून एका बाईच्या आजाराचा घटनाक्रम इथे मांडतो. यातली बाई कुणी एक नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांत तिच्यासारख्या पुष्कळ आहेत, म्हणून तिला नुसतं काकी म्हणू. तिच्या पोटात आणि रक्तात जे घडतं, ते मात्र प्रयोगशाळांत आणि वॉर्डांत पुन्हा पुन्हा पाहिलं गेलेलं आहे. तिचा रक्तदाब कोसळतो तो शून्य तास धरला आहे.

चार महिने आधी, शिमगा

पालखी गावात फिरतेय. मुंबईहून मुलगा-सून आलीत. काकीला सर्दी, अंगदुखी, ताप. असा ताप बहुतेक वेळा विषाणूचा असतो आणि चार-पाच दिवसांत आपला आपण उतरतो. अँटिबायोटिक विषाणूला काही करत नाही. जीवाणूची भिंत किंवा त्याची प्रथिनं बनवायची यंत्रणा असलं काहीतरी त्या औषधाचं लक्ष्य, आणि विषाणूकडे यातलं काहीच नसतं. पण मुलाच्या बॅगेत सेफिक्सिमची उरलेली अर्धी स्ट्रिप आहे. "आई, ही घे, पॉवरची आहे. मला दोन दिवसांत उतार पडला होता." काकी चार गोळ्या घेते. ताप उतरतो. तो उतरणारच होता.

गोळीचं काम दुसरीकडेच झालं. काकीच्या आतड्यात ई. कोलाय हा जीवाणू आहे, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच असतो. एका ग्रॅम मैल्यात तो कोटींच्या हिशेबात मोजावा लागतो. त्यातल्या अगदी थोड्यांकडे मुख्य गुणसूत्राबाहेरचा एक छोटा गोल डीएनए आहे, प्लाझ्मिड. त्यावर एका विकराची कृती लिहिलेली आहे. पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन या कुळांतल्या औषधांच्या रेणूत एक चौकोनी कडं असतं, आणि सेफिक्सिम हे सेफॅलोस्पोरिनच. तो विकर नेमकं तेच कडं फोडतो. या विकरांचा जगभर पसरलेला एक प्रकार म्हणजे सीटीएक्स-एम-१५, आणि तो पहिल्यांदा सापडला तो १९९९ साली दिल्लीत गोळा केलेल्या जंतूंत.

चार गोळ्यांनी आतड्यातले साधे जंतू मारले. जागा रिकामी झाली, खाणं उरलं, आणि कडं फोडणाऱ्यांचा संसार वाढला. शिवाय प्लाझ्मिड शेजाऱ्यालाही देता येतो. दोन जंतू एका बारीक नळीने जोडले जातात, प्लाझ्मिडची एक प्रत पलीकडे जाते. काम मिनिटांचं. काकीला यातलं काहीच जाणवत नाही. असे जंतू आतड्यात महिनोन् महिने गुपचूप राहू शकतात.

सेफिक्सिम हे शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. १ मार्च २०१४ पासून अशा औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत करायची आणि ती तीन वर्षं जपायची असा नियम आहे. मुलाने मुंबईत ते चिठ्ठीवरच घेतलं असेल, वहीत नोंदही झाली असेल. बॅगेतून वाडीवर आलेल्या अर्ध्या स्ट्रिपची नोंद मात्र कुठेच होत नाही, आणि आपल्याकडे कितीतरी औषधं अशीच बॅगांतून हिंडतात.

१२० तास आधी

जुलै. भाताची लावणी. काकी सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून आहे. शेतावर आडोसा नाही, म्हणून बायका पाणीच कमी पितात. मूत्राशय तासन् तास रिकामं होत नाही. आतड्यातले जंतू बाहेरच्या वाटेने वर चढून मूत्राशयात मुक्काम करतात. संध्याकाळी लघवीला जळजळ. घरात म्हणतात, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा होतो. पाणी जास्त पोटात गेल्याचा उपयोग असतोच, पण जंतू आता मूत्राशयाच्या अस्तराला चिकटले आहेत. लावणीच्या दिवसांत कुठलीही बाई जे करते तेच काकी करते, दुखणं अंगावर काढते.

९६ तास आधी

खाली बाजारात मेडिकल.

"दादा, लघवीच्या जळजळीला काहीतरी दे."

"काकी, डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत?"

"चिठ्ठी कुठनं आणू रे, लावणी चाललीय. मागं त्या शेजारणीला दिली होतीस ना, तीच दे. तीन दिवसांची दे."

स्ट्रिपवर तांबडी उभी रेघ आहे. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, असा तिचा अर्थ. दुकानदाराला तो ठाऊक आहे. काकी पावसात सात किलोमीटर चालून आलीय, हेही त्याला ठाऊक आहे. तो सिप्रोफ्लॉक्सासिनच्या सहा गोळ्या कात्रीने कापून देतो.

पहिली गोळी रात्री आठला. इथून पुढचे बारा तास सगळ्यात महत्त्वाचे आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

जंतू गोळी पाहून स्वतःला बदलून घेतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, आणि ते १९५२ सालीच दाखवलं गेलं. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी जंतूंच्या वसाहती उठलेल्या ताटलीवर मखमलीचा तुकडा दाबला आणि तोच तुकडा औषध घातलेल्या नव्या ताटलीवर टेकवला. औषधातून वाचलेल्या वसाहती कुठल्या जागच्या, हे त्या ठशावरून कळलं. मग मूळ ताटलीवरच्या, ज्यांनी औषध कधी पाहिलंच नव्हतं अशा त्याच जागच्या जंतूंकडे ते वळले, आणि ते आधीपासूनच औषधाला दाद न देणारे निघाले. बदल आधी होतो. औषध फक्त निवड करतं.

बदल कुठून येतो, तर नक्कल उतरवतानाच्या चुकीतून. भरपूर खाणं मिळालं तर ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. म्हणजे दहा तासांत तीस पिढ्या, आणि एकाचे १०७ कोटी. दर वेळी जवळजवळ ४६ लाख अक्षरांचा डीएनए उतरवून काढायचा. हजारेक विभाजनांत एखाद्यात कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका निरुपयोगी, काही जीवघेण्या. पण डीएनएचा पीळ सोडवणारा एक विकर आहे, सिप्रोफ्लॉक्सासिन त्यालाच जाऊन अडकतं. त्या विकराच्या ८३ व्या जागेवर सेरीनऐवजी ल्युसीन आलं, की औषधाची पकड सैल पडते. हजार कोटी विभाजनांत अशी चूक एखाद्या वेळी होत असेल. कोटी-कोटींनी भरलेल्या मूत्राशयात आणि आतड्यात तेवढी विभाजनं व्हायला फार दिवस लागत नाहीत.

रात्री नऊ. औषध लघवीत उतरलंय. जंतूंचा डीएनए जागोजाग तुटतोय, ते धडाधड मरताहेत. जे अजून तगून आहेत त्यांच्यात तातडीची दुरुस्ती सुरू होते, आणि ती घाईची असते. या दुरुस्तीत काम करणारे विकर अक्षरं नीट जुळवत बसत नाहीत. त्यामुळे चुकांचं प्रमाण वाढतं. म्हणजे औषधाच्या अपुऱ्या माऱ्याखाली जंतू लॉटरीच्या नव्या चिठ्ठ्या जास्त भराभर काढतो. काही जंतू तर निव्वळ झोपून राहतात. वाढतच नाहीत, म्हणून मरतही नाहीत. १९४४ साली जोसेफ बिगर या डॉक्टरने पेनिसिलीनमधून असे उरलेले जंतू पाहिले होते.

मध्यरात्र. सिप्रोफ्लॉक्सासिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर चार तासांनी निम्मं होतं. म्हणून ती गोळी दिवसातून दोनदा घ्यायची असते. बारा तासांनी दुसरी गोळी आली नाही, तर औषध अशा पातळीवर घसरतं की साधा जंतू अजून मरतो, पण पकड सैल झालेला जगतो आणि वाढतो. बदललेल्या जंतूला याहून सोयीची वेळ नाही.

२०१६ साली हार्वर्ड आणि टेक्निऑन इथल्या रॉय किशोनी यांच्या गटाने हे सगळ्यांना डोळ्यांनी पाहता येईल असं करून दाखवलं. दोन फूट बाय चार फुटांची ताटली, कडेला औषध नाही, आत पट्ट्यापट्ट्याने दहापट वाढत जाणारं औषध, मधोमध हजारपट. दोन्ही कडांना ई. कोलाय सोडला. तो प्रत्येक सीमेवर येऊन अडायचा. मग एका ठिकाणाहून एखादा फाटा फुटायचा आणि पंख्यासारखा पुढच्या पट्ट्यात पसरायचा. मधल्या पट्ट्यापर्यंत पोचायला त्याला अकरा-बारा दिवस पुरले. ज्यांना जंतू बदलतात हे पटत नाही त्यांना ती फिल्म दाखवावी. शाळाशाळांतून दाखवावी, असं मला मनापासून वाटतं.

७२ तास आधी

जळजळ थांबली. काकीने दोन गोळ्या घेतल्यात, सकाळची लावणीच्या गडबडीत राहिली. उरलेल्या चार ती पिशवीत बांधून फळीवर ठेवते. पुन्हा कुणाला लागल्या तर.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेलच्या भाषणात हीच भीती बोलून दाखवली होती. पेनिसिलीन दुकानात कुणालाही मिळू लागेल, लोक कमी मात्रेत घेतील आणि जंतूंना मरण्याऐवजी सरावण्याची संधी मिळेल. तेव्हा पेनिसिलीन सामान्य दुकानांत येऊन वर्षही झालं नव्हतं.

४८ तास आधी

काकी शेतावर. लघवी जरा गढूळ, कंबर धरलेली. लावणीत कंबर कुणाची धरत नाही?

२४ तास आधी

संध्याकाळी हुडहुडी भरते. तीन गोधड्या घालूनही दात वाजतात. उजव्या बरगडीखाली, पाठीकडून कळ येते. जंतू मूत्रनलिकेतून मूत्रपिंडात चढले आहेत. चढलेत ते फक्त सिप्रोफ्लॉक्सासिनमधून उरलेले, आणि त्यांच्या आत शिमग्यापासूनचा प्लाझ्मिडही आहे. एक औषध घरच्यांनी दिलं, दुसरं दुकानाने. दोन्ही मिळून चाळणी दोनदा लागली.

काकी फळीवरच्या चार गोळ्यांतली एक घेते.

रात्रीत वाडीवरून खाली उतरायचा विचार कुणी करत नाही. पाऊस कोसळतोय, वहाळ भरलाय.

१२ तास आधी

उजाडता आशाताई येतात, अंग चटका बसेल एवढं तापलेलं बघतात आणि बसू देत नाहीत. बांबूला चादर बांधून डोली होते. चार जण, चिखल, घसरण. डांबरी रस्त्यावर १०८ ची गाडी उभी असते.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर काय करतात ते नीट पाहायला हवं, कारण ते सगळं बरोबर करतात. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन तपासतात. सलाईन लावतात. रक्त आणि लघवी कल्चरला पाठवायची सोय करतात. आणि तासाभराच्या आत सेफ्ट्रायाक्सोनचं इंजेक्शन शिरेतून देतात. मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या अशा आजारात हेच औषध द्यायची रीत आहे. वर्षानुवर्षं त्याने माणसं वाचवली आहेत.

सेफ्ट्रायाक्सोन, तेही सेफॅलोस्पोरिनच, रक्तातून मूत्रपिंडात पोचतं. जंतूच्या बाहेरच्या आवरणातून आत शिरतं. भिंत बांधणाऱ्या प्रथिनांपर्यंत जाण्याआधी वाटेत तो विकर उभा आहे. चौकोनी कडं फुटतं. विकराला काही होत नाही, तो पुढच्या रेणूकडे वळतो. एकच विकर सेकंदासेकंदाला असे रेणू फोडत राहतो.

सलाईनने काकीला जरा तरतरी येते. मुलाला फोन जातो, "इंजेक्शन दिलंय, आता बरं वाटंल."

शून्य तास

संध्याकाळ. वरचा रक्तदाब ८०. हात आधी गरम होते, आता गार. लघवी जवळजवळ बंद. काकी मुलाला नवऱ्याच्या नावाने हाक मारते. जंतू रक्तात उतरले आहेत आणि शरीराची त्यांच्याविरुद्धची लढाईच रक्तवाहिन्यांना सैल करून टाकतेय. याला सेप्टिक शॉक म्हणतात.

इथून पुढचं घड्याळ कॅनडातले डॉक्टर आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलं. १४ अतिदक्षता विभागांतले २,७३१ रुग्ण त्यांनी पाहिले. रक्तदाब कोसळल्यापासून पहिल्या तासात लागू पडणारं औषध मिळालं, तर ७९.९ टक्के जगले. नंतरच्या सहा तासांत प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरत गेली.

त्या अभ्यासात औषध दिलं की घड्याळ थांबत नाही. लागू पडणारं औषध दिलं की थांबतं. काकीला इंजेक्शन शून्य तासाच्या अकरा तास आधी मिळालं होतं. केसपेपरवर वेळ लिहिलेली आहे, सही आहे. पण औषध लागू नाही, म्हणून तिचं घड्याळ चालूच आहे, आणि हे कळायला त्या क्षणी कुणाकडेही काही साधन नाही. बावस्करांचा रुग्ण खाटेवर आला की त्यांच्या हातातली गोळी काल होती तशीच आज आहे, याची खात्री असायची. या डॉक्टरांना ती खात्री उरलेली नाही. औषधाला दाद न देणारा जंतू नेमकं हेच हिरावून घेतो.

अधिक १ ते अधिक ६ तास

मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरतं. गाडी, ऑक्सिजन, सोबत कोण, पैसे किती. मग मुंबई-गोवा महामार्ग. पोलादपूर, महाड, माणगाव, पुढे पनवेल. पावसात खड्डे आणि वळसे. गाडीत सलाईन चालू आहे, सेफ्ट्रायाक्सोनचा दुसरा डोसही झालाय. कुमार यांच्या आकड्यांनी सहाव्या तासाला शक्यता निम्म्याच्या खाली आलेली असते.

अधिक ८ तास

अतिदक्षता विभाग. रक्तदाब वाढवणारं औषध पंपावर. इथले डॉक्टर रिपोर्टची वाट बघत नाहीत, मेरोपेनेम सुरू करतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांत रुग्णांकडून मिळालेल्या ई. कोलायपैकी निम्म्याहून बरेच जास्त सेफ्ट्रायाक्सोनसारख्या तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनला दाद देत नाहीत. ती मोठ्या रुग्णालयांची आकडेवारी आहे, वाडीवस्तीची नव्हे. पण अतिदक्षता विभागातला डॉक्टर तीच डोळ्यांपुढे ठेवून औषध निवडतो. त्याला दुसरा इलाज नाही.

मेरोपेनेमचं कडं काकीच्या जंतूला फोडता येत नाही. जंतू मरू लागतात. मूत्रपिंडं मात्र बंद पडली आहेत आणि हृदय औषधाच्या जोरावर चाललंय.

मेरोपेनेमच्या कुळालाही तडा गेलेला आहेच. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० साली लिहिलं की २००९ मध्ये तीन महिन्यांत त्यांना या कुळाला दाद न देणारे २४ जंतू मिळाले, आणि त्यांतल्या २२ जणांकडे एनडीएम-१ हा विकर होता. तोही प्लाझ्मिडवरूनच हिंडतो. असा प्लाझ्मिड ज्या आतड्यात आहे, तिथे मेरोपेनेमही चाळणीचंच काम करतं.

अधिक ३४ तास

काकी जाते. दाखल्यावर सेप्टिक शॉक आणि अनेक अवयव निकामी, असं लिहितात. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूचा उल्लेख नसतो, कारण रिपोर्ट अजून आलेला नाही. २०१९ साली जगात जवळपास १२.७ लाख माणसं थेट अशा जंतूंमुळे गेली, असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. ती संख्या अंदाजानेच काढावी लागते, त्यामागे असले दाखले आहेत.

अधिक ७२ तास

लघवीचं कल्चर. जंतू ताटलीवर उगवायला एक दिवस, औषधाच्या चकत्या ठेवून भोवती किती जागा मोकळी राहते ते पाहायला दुसरा. बाकीचा वेळ नमुन्याच्या प्रवासाचा. एका कागदावर औषधांची यादी आणि समोर अक्षरं. आर म्हणजे दाद देत नाही, एस म्हणजे देतो.

सेफिक्सिम, आर. सेफ्ट्रायाक्सोन, आर. सिप्रोफ्लॉक्सासिन, आर. मेरोपेनेम, एस.

आणि खालून दुसऱ्या ओळीत, नायट्रोफ्युरँटॉइन, एस. १९५० च्या दशकापासून वापरात असलेलं स्वस्त औषध. ते जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून सत्तर वर्षांत ई. कोलायला त्याच्यापुढे फारसा टिकाव धरता आलेला नाही. ते लघवीत साठतं, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोचत नाही. म्हणून या कागदाच्या तारखेला काकीला त्याचा काही उपयोग नव्हता. उन्हाळी लागली त्या संध्याकाळी जंतू फक्त मूत्राशयात होते. तिथे पाच दिवसांचा एक कोर्स त्यांना पुरला असता.